एअरलाइनमध्ये जाण्याआधी

बिझनेस जेट उडवणारे वैमानिक एकत्र आले की हल्ली एक विषय हमखास निघतो : एअरलाइनमध्ये जावं का? प्रश्न पडणं साहजिक आहे. फेब्रुवारी 2023 मध्ये एअर इंडियाने 470 विमानं घेण्याचं जाहीर केलं आणि त्याच वर्षी जूनमध्ये इंडिगोने एअरबसकडे 500 विमानांची मागणी नोंदवली. एवढी विमानं उडवायला माणसं लागणारच. पण या चर्चेत हिशेब होतो तो पगाराचा आणि सुट्ट्यांचा, आणि मला तो अपुरा वाटतो. एअरलाइनमध्ये जाण्याचं सर्वांत सबळ कारण माझ्या मते हे आहे, की तिथे आपल्या कामावर रोज कुणाची तरी नजर असते. आणि न जाण्याचं सबळ कारण हे, की तिथे विमानाबाहेरचं बरंचसं काम आपल्या हातून जातं.

हे दुसरं आधी पाहू, कारण बाहेरच्यांना ते दिसत नाही. संध्याकाळी मालकाच्या सेक्रेटरीचा फोन येतो : उद्या सकाळी मुंबईहून लातूर, दुपारी हैदराबाद, रात्री परत. तिथून कॅप्टनचं काम सुरू होतं. लातूरच्या धावपट्टीची लांबी आणि उद्याचं तापमान यांचा मेळ बसतो का, तिथे इंधन मिळेल का, की जाता-येताचं इथूनच भरायचं आणि मग उतरताना वजन किती राहील, सूर्यास्ताआधी निघता येईल का, मुंबईत परतीचा स्लॉट कितीचा मिळतोय, नोटॅममध्ये, म्हणजे वैमानिकांसाठीच्या सूचनांमध्ये, काही निघालंय का. हवामान बिघडलेलं असेल तर ‘आज जमणार नाही’ हे ज्याच्या मालकीचं विमान आहे त्यालाच सांगायचं असतं. एअरलाइनमध्ये यातलं बरंचसं डिस्पॅच आणि ऑपरेशन्स विभाग करतात. वैमानिक तयार फ्लाइट प्लॅन तपासतो आणि सही करतो. यात कमीपणा काहीच नाही, शेकडो उड्डाणं रोज अशीच चालवावी लागतात. पण वर्षानुवर्षं कमावलेली ही जाण वापराविना बोथट होते, हा तोटा पगाराच्या आकड्यात कुठेच दिसत नाही.

आता नजरेचा मुद्दा. 31 मे 2014 च्या रात्री अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या बेडफर्डच्या विमानतळावर एक खाजगी गल्फस्ट्रीम जी-फोर उड्डाणाच्या वेळी धावपट्टी ओलांडून गेलं आणि पेटलं. विमानातले सातही जण गेले. उभ्या विमानाचे कंट्रोल वाऱ्याने हलू नयेत म्हणून लावतात तो गस्ट लॉक काढायचाच राहिला होता. कंट्रोल पूर्ण फिरवून पाहिले असते, तर चूक तिथल्या तिथे कळली असती. दोघेही वैमानिक अनुभवी होते, अनेक वर्षं एकत्र उडत होते. पण तपासात जे निघालं ते अपघाताहून अस्वस्थ करणारं आहे : त्याआधीच्या 175 उड्डाणांपैकी 98 टक्के वेळा ही तपासणी पूर्ण झालेलीच नव्हती. एका रात्रीचा विसर कुणाच्याही हातून होऊ शकतो. इथे मात्र दोन चांगल्या माणसांनी एकमेकांच्या सवयीची सवय लावून घेतली होती, आणि ते सांगायला तिसरं कुणी नव्हतं. एअरलाइनमध्ये शेजारच्या खुर्चीतला माणूस सारखा बदलतो. अनोळखी माणसासमोर चेकलिस्ट गाळायला मन धजत नाही. शिवाय प्रत्येक उड्डाणाची नोंद विमानातून काढून तपासली जाते आणि अप्रोच अस्थिर झाला तर विचारणा होते.

यावर कुणी म्हणेल, बिझनेस जेटवाल्यांचंही ऑडिट होतं. होतं ना. बेडफर्डचं ते विमान चालवणाऱ्या कंपनीकडेही आयएस-बीएओ या बिझनेस विमानांसाठीच्या मानकाची नोंदणी होती. ऑडिटर कागद पाहतो, रोजचं कॉकपिट पाहत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : नजर असूनही एअरलाइनचे अपघात होतात. 7 ऑगस्ट 2020 ला कोळिकोडला पावसात, मागून वारा असताना उतरलेलं एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान जवळजवळ अर्धी धावपट्टी संपल्यावर टेकलं. 21 जण गेले, आणि अस्थिर अप्रोच तसाच पुढे रेटल्याचं तपासात नोंदलं गेलं. म्हणजे व्यवस्था माणसाच्या जागी निर्णय घेत नाही, हे खरं. पण कार्यपद्धत कुठे मोडली हे बोट ठेवून दाखवता येतं ते ती लिहिलेली आणि रोज मोजली जाणारी असते म्हणून.

राहिली स्थैर्याची बाजू. मालकाने विमान विकलं की नोकरी गेली, ही भीती खरी आहे. मात्र किंगफिशर 2012 मध्ये, जेट एअरवेज 2019 मध्ये आणि गो फर्स्ट 2023 मध्ये जमिनीवर आल्या, तेव्हा तिथल्या वैमानिकांची सीनिऑरिटीही त्यांच्याबरोबर संपली. दुसरीकडे गेलेल्याला सीनिऑरिटीच्या यादीत तळापासून सुरुवात करावी लागली. ठरलेल्या रोस्टरचंही तसंच. वैमानिकांच्या कामाच्या वेळांबाबत विमानवाहतूक नियामक डीजीसीएच्या नव्या नियमांनी साप्ताहिक विश्रांती 36 तासांवरून 48 केली, रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आणली. फार चांगलं झालं. तरी डिसेंबर 2025 मध्ये इंडिगोला ते वेळापत्रकात बसवता आलं नाही, हजारो उड्डाणं रद्द झाली आणि कंपनीला काही नियमांतून तात्पुरती सूट द्यावी लागली. तेव्हा रोस्टरवर विश्वास ठेवायचा तो कंपनीकडे विमानांच्या मानाने वैमानिक किती आहेत, हे पाहून.

माझं मत सांगतो. तिशीतल्या वैमानिकाने जावं. शिस्त अंगी बाणायचं ते वय असतं आणि निवृत्तीच्या 65 पर्यंत सीनिऑरिटीला वाढायला जागा असते. पंचेचाळिशीच्या पुढच्या, बिझनेस जेटवर कॅप्टन असलेल्याने केवळ पगारासाठी जाऊ नये. नव्या टाइप रेटिंगनंतर बहुधा को-पायलटच्या उजव्या खुर्चीत बसावं लागेल, आणि कमांडची वाट किती वर्षं पाहायची हे त्याच्या हातात नसेल. जो राहील त्याने मालकाकडे पगारवाढीच्या आधी दोन गोष्टी मागाव्यात : उड्डाणाच्या नोंदी बाहेरच्या माणसाकडून नियमित तपासून घेण्याची सोय, आणि वर्षातून काही दिवस अनोळखी वैमानिकाबरोबर सिम्युलेटर. आणि जो जाईल त्याने सही करण्याआधी बाँडची रक्कम आणि नोटिशीची मुदत नीट वाचावी. डीजीसीएच्या 2017 च्या नियमानुसार एअरलाइन सोडताना को-पायलटला सहा महिने आणि कमांडरला एक वर्ष आधी कळवावं लागतं.