रात्री दोनचा खोकला : दमा की पित्त?

मी डॉक्टर आहे आणि लहानपणापासून दमेकरीही. बुलढाण्यात सोयाबीनची मळणी सुरू झाली की धुळीने माझी छाती भरते, हे नेहमीचेच. पण काही वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात, धूळ नसताना, रात्री दोनला खोकल्याने जाग येऊ लागली. घशाशी आंबट पाणी आणि छातीत सूं सूं आवाज.

तुम्हाला जे करू नका म्हणून सांगतो, तेच मी केले. स्वतःच्या मनाने थिओफिलिनची गोळी वाढवली. त्रास दुप्पट झाला!

कारण सोपे आहे. अन्ननलिका आणि जठर यांच्यामध्ये झडपेसारखे स्नायूंचे कडे असते. थिओफिलिनने ते सैल पडू शकते. मग जठरातले आम्ल वर येते. त्याचे थेंब श्वासनलिकेत उतरतात, किंवा अन्ननलिकेतल्या नसा चेतवल्या जाऊन श्वासनलिका आकसते. उलट, खोकल्याने पोटावर दाब पडून आम्ल आणखी वर ढकलले जाते. असे हे दुष्टचक्र आहे.

माझी ओपीडी रात्री दहाला संपायची. मग भाकरी-ठेचा खाऊन लगेच आडवा! दमेकऱ्याने मुख्य जेवण दुपारी घ्यावे, हे विल्यम ऑस्लर यांनी 1892 च्या पाठ्यपुस्तकातच सांगितले होते. वाचले होते, पाळले नव्हते.

शेवटी एका डॉक्टर मित्राला दाखवले. त्याने थिओफिलिन बंद केले, पंप नियमित करायला लावला आणि काही आठवडे पित्ताची गोळी दिली. जेवण आणि झोप यांत तीन तासांचे अंतर ठेवले. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून तो सहा इंच उचलला. नुसत्या उशा वाढवू नका, त्याने पोट दुमडते. डाव्या कुशीवर झोपू लागलो, वजन उतरवले. हळूहळू रात्रीची झोप परत आली.

पण आता दुसरी बाजू. माझ्याकडच्या एका शेतकरी काकांना पित्ताच्या गोळीने बरे वाटले, म्हणून त्यांनी पंपच सोडला. मळणीच्या दिवसांत मुलगा त्यांना घेऊन आला, तेव्हा त्यांना एक वाक्यही सलग बोलता येत नव्हते. ऑक्सिजन, नेब्युलायझर देऊन ते वाचले. "पित्तच होतं ना, साहेब?" त्यांनी नंतर विचारले. चूक माझीही होती. गोळी लिहून देताना "पंप सोडू नका" हे मी स्पष्ट सांगितले नव्हते.

2009 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात, दमा आटोक्यात नसलेल्या पण जळजळीचा विशेष त्रास नसलेल्या रुग्णांना इसोमेप्राझोल दिले गेले. त्यांचा दमा सुधारला नाही. म्हणजे पित्ताची गोळी हे दम्याचे औषध नव्हे.

म्हणून पंप चालू ठेवा, अंगदुखीच्या गोळ्या मनाने घेऊ नका. गिळताना अडकत असेल, शौच काळी होत असेल किंवा वजन घटत असेल, तर लगेच दाखवा. छातीत दुखले तर "गॅस असेल" म्हणून थांबू नका, आधी ईसीजी काढा.

आणि आज रात्रीचे जेवण थोडे लवकर घ्या.