सई परांजपे : काही टिपणे

चित्रपट-दिग्दर्शिका सईंबद्दल लिहायचे म्हटले की लोक ‘चश्मेबद्दूर’ने सुरुवात करतात. मला आकाशवाणीपासून करावीशी वाटते. पुणे केंद्रावर त्या निवेदिका होत्या. रेडिओवर माणूस दिसत नाही, नुसता बोलतो. त्यांची पात्रे पुढेही आधी ऐकू येतात, मग दिसतात.

*

आजोबा रँग्लर परांजपे, आई शकुंतलाबाई. आठव्या वर्षी ‘मुलांचा मेवा’ हे पुस्तक. पुढे राष्ट्रीय नाट्य विद्यालयात संचालक अल्काझींची शिस्त. ‘पत्तेनगरी’, ‘शेपटीचा शाप’, ‘झाली काय गंमत’ ही मुलांची नाटके. बालनाट्याला लोक उमेदवारी समजतात, ते मला पटत नाही. मोठा प्रेक्षक कंटाळला तरी भिडेखातर बसून राहतो; मुले लगेच चुळबुळ करतात. सईंच्या संवादांतला नेमकेपणा तिथेच घडला असणार.

*

‘स्पर्श’ (1980). अंधशाळेचा मुख्याध्यापक अनिरुद्ध वाट चुकतो आणि कविता नावाच्या स्त्रीचे गाणे त्याच्या कानी पडते. ओळख सुरू होते ती आवाजाने. नसीरुद्दीन शाह यांचा अनिरुद्ध प्रेमळ आहे, पण न मागता कुणी मदत केली की दुखावतो, चिडतो. दिग्दर्शिका त्याला संत करत नाही, बिचारा तर मुळीच नाही. शाळेतली अंध मुलेही खोडकर, भांडखोर, अगदी मुलांसारखी. पटकथेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो योग्यच.

*

एकच गोष्ट माध्यम बदलून पुन्हा सांगायची त्यांना भीती वाटत नाही. ‘धुआँ धुआँ’ या दूरदर्शन नाटकाचा ‘चश्मेबद्दूर’ (1981) झाला. शं. गो. साठे यांच्या ‘ससा आणि कासव’ नाटकावरून ‘कथा’ (1983) आला.

‘कथा’ मला जास्त जवळचा. चाळीत काहीच लपत नाही, तरी राहायला आलेल्या बाशूची थापेबाजी सगळ्यांना गोड लागते. त्याचा मित्र राजाराम सरळ, म्हणून मागे पडतो. आणि राजारामला आवडणारी संध्या बाशूशी आलेला संबंध त्याला स्वतः सांगते. 1983 सालच्या हिंदी विनोदी चित्रपटात नायिकेला शिक्षा नाही, रडारड नाही, तो तिला स्वीकारतो. हे धाडस हसण्याच्या भरात नजरेतून निसटते.

*

‘दिशा’ (1990). गिरणीकामासाठी मुंबईला गेलेला एक आणि गावातच वर्षानुवर्षे विहीर खणत राहिलेला दुसरा. स्थलांतरावर इतकी निवांत, इतकी समंजस पटकथा माझ्या पाहण्यात दुसरी नाही. तिची चर्चा फार कमी होते याचे वाईट वाटते.

*

‘साज’ (1997) : दोन गायिका बहिणी, चार संगीतकार. पुढे 2006 मध्ये सईंना पद्मभूषण.

*

‘जास्वंदी’ नाटकात घरातले दोन बोके बोलतात. एकाकी गृहिणीचे दुःख त्यांच्या तोंडून आल्याने ते रडवे होत नाही. नव्या संचात हे नाटक व्हावे, आणि बोक्यांच्या भूमिका तोलामोलाच्या नटांनीच कराव्यात. नाटकाचा निम्मा भार त्यांच्यावर आहे.