आगूराची चौथी गोष्ट

पाळकाच्या दफ्तरात मंडळीच्या जन्ममरणाचे दाखले असतात, तशीच विवाहांची नोंदवहीही असते, आणि अहमदनगर जिल्ह्यातील तीन मंडळ्यांत मिळून एकतीस वर्षे ती वही मी माझ्या हाताने भरली. वराचे नाव, वधूचे नाव, वय, धंदा, वडिलांचे नाव, साक्षीदारांच्या सह्या, असे १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यास जे जे हवे असते ते सर्व तिच्या रकान्यांत नीट बसते. परंतु या दोन जिवांना परस्परांची ओढ लागली ती कशी, याचा रकाना तीत नाही, आणि तो असता तर मी काय लिहिले असते हे मला आजही सांगता येणार नाही.

लग्नाची सूचना मंदिरात वाचली जाण्यापूर्वी मी वधूवरांना घरी बोलावून घेत असे. एकदा कारखान्यात फिटर असलेला एक तरुण आणि इस्पितळात परिचारिका असलेली एक मुलगी अशी दोघे आली. ‘हिच्यातच तुझे मन का गुंतले?’ असे मी विचारताच तो बराच वेळ खाली पाहत राहिला आणि मग म्हणाला, की एका पावसाळी संध्याकाळी उपासनेला आपण पुस्तक न घेता गेलो होतो, हिने आपले ‘उपासना-संगीत’ हे गीतपुस्तक दोघांच्या मध्ये धरले, आणि कडवे संपण्याच्या किंचित आधी पान उलटले. एवढेच! मुलीला तोच प्रश्न केला तेव्हा ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, ‘ते सांगता येत नाही, पाळकसाहेब.’ माझ्या मते दोघांनीही खरेच उत्तर दिले होते.

नीतिसूत्रांच्या तिसाव्या अध्यायात आगूर नावाचा एक ज्ञानी, आपल्या बुद्धीस न उकलणाऱ्या चार गोष्टी सांगतो: आकाशातील गरुडाचा मार्ग, खडकावरील सर्पाचा मार्ग, समुद्रातील तारवाचा मार्ग आणि पुरुषाचा तरुणीकडे जाणारा मार्ग. ज्या ग्रंथात व्यभिचाराविषयी पानोपानी इशारे आहेत, त्याच ग्रंथात या ठिकाणी ना इशारा आहे ना आज्ञा, केवळ विस्मय आहे; आणि हा विस्मय आमच्या मंडळ्यांनी पुष्कळ अंशी गमावला, हे मी दुःखाने लिहितो. तरुण मनात उमटलेल्या आकर्षणाची आम्ही गुन्ह्याप्रमाणे चौकशी केली, आणि ज्याच्यात नियमशास्त्र नाही, यज्ञ नाही, केवळ दोन प्रेमिकांची परस्परांस हाक आहे, ते गीतरत्न आमच्या पवित्र शास्त्रात मानाने बसले आहे याचा आम्हांस विसर पडला. अकीबा या यहूदी गुरूने तर त्या गीतास परमपवित्रस्थानाची योग्यता दिली होती.

तथापि, ओढ हे बोलावणे आहे, सनद नव्हे. राहेलीसाठी सात वर्षे राबताना याकोबास ती वर्षे थोड्या दिवसांसारखी भासली, हे खरे. पण त्याच्या वडिलांची कथा त्याहून शांत आणि मला अधिक विचार करावयास लावणारी आहे. इसहाकाने रिबकेला पाहिलेही नव्हते; बापाच्या कारभाऱ्याने विहिरीवर तिला हेरून आणले, आणि उत्पत्तीचा लेखक क्रम सांगतो तो असा, की तिने तंबूत पाऊल टाकले, ती त्याची बायको झाली, आणि त्यानंतर त्याचे तिच्यावर प्रेम बसले. माझ्या मंडळीतील एका वृद्ध गृहस्थाने आपली पत्नी प्रथम पाहिली ती लग्नाच्या दिवशी. पुढे अर्धांगाने ती अंथरुणास खिळली तेव्हा मी प्रभुभोजन घेऊन त्यांच्या घरी जात असे. एके सकाळी तो खाटेवर बसून तिचे केस विंचरीत होता. भांग वाकडा पडला म्हणून पुन्हा मोडला, पुन्हा पाडला, आणि ती हसली. तो मला म्हणाला, ‘त्रेचाळीस वर्षे झाली, पण ही मनातल्या मनात कशाला हसते ते मला अजून कळत नाही.’

इफिसकरांस लिहिताना पौलाने विवाहास ‘मिस्तेरिओन’ हा ग्रीक शब्द लावला, लॅटिन भाषांतरात त्याचा ‘साक्रामेंतुम’ झाला, आणि मराठीत आपण ‘रहस्य’ म्हणतो. पौलाच्या लेखी हे रहस्य उकलून संपणारे कोडे नव्हे. देवाचा जो मनोदय पूर्वी झाकलेला होता आणि ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला दिले तेव्हा उघड झाला, तो हा. म्हणूनच अँग्लिकन मंडळीच्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकातील विवाहविधीत ‘तू हिच्यावर प्रेम करतोस काय?’ असे कोणी विचारीत नाही. प्रश्न आहे तो ‘करशील काय?’ असा, आणि उत्तरही भविष्यकाळीच आहे. आज हृदयात काय आहे याची जबानी तेथे कोणी घेत नाही; उद्याच्या अज्ञात दिवसांसाठी वचन घेतले जाते.

अशा वचनाची कसोटी महाराष्ट्राने पाहिली आहे. १८९५ च्या फेब्रुवारीत कवी नारायण वामन टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला, आणि बालपणीच त्यांच्याशी लग्न झालेल्या लक्ष्मीबाई त्यांच्यापासून दुरावल्या. धर्मांतरामुळे जोडीदाराने सोडले असता न्यायालयात दाद मागून मोकळे होण्याची तरतूद १८६६ च्या कायद्याने केलेली होती. पण त्या वाटेने हा संसार मोडला नाही. लक्ष्मीबाई प्रथम आपला धर्म राखूनच पतीकडे आल्या, आणि १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. त्यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र वाचताना मला वाटते, की ज्या ओढीने त्या परतल्या तिचे नाव त्यांनाही सांगता आले नसते.

आईबापांस माझी एक विनंती आहे. ख्रिस्ती झाल्यास पिढ्या लोटल्या तरी सोयरीक जुळविताना पूर्वाश्रमीची जात विचारण्याची चाल आपल्यात टिकून आहे. तुमचा मुलगा किंवा मुलगी कोणा एकाचे नाव घेऊन तुमच्यापुढे उभी राहील, तेव्हा तो प्रश्न तोंडातून काढू नका. त्याला किंवा तिला बसवून घ्या, आणि पान कोणी उलटले ते ऐका.