भादव्याचं देणं

आसनगावला लोकलमधून उतरलं की माहुलीचे सुळके दिसतात. १६३६ साली शहाजीराजांनी मोगल आणि आदिलशाही फौजांपुढे शेवटचा तग धरला तो याच गडावर. ट्रेकर मंडळी तिकडे वळतात. बाकीची गर्दी शहापूरला जाते आणि तिथून एसटीने, जीपने, मिळेल त्या वाहनाने गावोगाव पांगते. मला किन्हवली गाठायची होती. दिवाळी होऊन गेली होती. भात कापून झालं होतं आणि खाचरांत नुसती धसकटं उभी होती.

हा तालुका मुंबईला पाणी पाजतो. तानसा धरण १८९२पासून, पुढे मोडकसागर, भातसा. आणि याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. इथे हे कुणाला सांगावं लागत नाही, मुंबईत मात्र पुन्हा पुन्हा सांगायला हवं.

किन्हवली हे आसपासच्या गावांचं बाजाराचं ठिकाण. दुकानं, शाळा, पोलीस ठाणं, सगळं इथे. सभोवती कुणब्यांची गावं, डोंगराच्या अंगाला ठाकूरवाड्या आणि गावाच्या अगदी टोकाला, पुष्कळदा दुसऱ्याच्या मालकीच्या जागेवर, कातकरीवाडी. खैराच्या झाडापासून कात काढणारे ते कातकरी. इंग्रजांच्या वनकायद्यांनी जंगल बंद केलं आणि त्यांचा धंदा गेला. शेतजमीन त्यांच्यातल्या बहुतेकांच्या नावावर कधी नव्हतीच.

रस्त्याकडेला एक टेम्पो भरत होता. पातेली, गोधड्या, कोंबड्यांची डालगी आणि या सगळ्यावर बसलेली मुलं. वीटभट्टीला निघालेली कुटुंबं होती ती. भिवंडी, कल्याण, वसई या बाजूच्या भट्ट्या दिवाळीनंतर पेटतात आणि पावसाच्या तोंडावर थांबतात. तोवर वाडीतली निम्मी दारं कुलपात, आणि शाळेच्या हजेरीपटावर नावं असून मुलं नाहीत.

या जाण्याची सुरुवात मात्र भादव्यात होते. आवणी उरकलेली असते, मजुरी थांबलेली असते, नवं भात यायला दीड-दोन महिने असतात. घरात दाणा नसतो. त्याच वेळी भट्टीवाल्याचा माणूस बयाणा घेऊन येतो. घेतलेले पैसे जोडप्याने मिळून फेडायचे, हजार विटांमागे ठरलेल्या दराने. आठवड्याला हाती पडते ती खर्ची, आणि तीही हिशेबात धरली जाते. जेठात हिशेब होतो. अंगावर पैसे निघाले की पुढच्या दिवाळीला पुन्हा तीच भट्टी. वाडीतले एक आजोबा मला म्हणाले, “कायदा हाय ना, ठाव हाय. पन भादव्यात चुलीवर काय ठेवायचं, त्ये सांगा.”

कायदा १९७६चा आहे. वेठबिगारी बंद, आणि तिच्यापायी आलेलं कर्जही रद्द. पण कायदा आपल्या पायांनी पाड्यावर चालत येत नाही. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी वसई तालुक्यातल्या दहिसर गावातून वेठबिगारांची सुटका हाती घेतली. त्यातून श्रमजीवी संघटना उभी राहिली आणि ठाणे जिल्हाभर पसरली. १९९९ साली लंडनच्या अँटी-स्लेव्हरी इंटरनॅशनलने या दोघांना पुरस्कार दिला. गुलामीविरुद्ध १८३९पासून लढणाऱ्या संस्थेला विसाव्या शतकाच्या अखेरीस ठाणे जिल्ह्याकडे पाहावं लागलं, हे मला फार बोचतं.

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपलं ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं, काळ्या गुलामांना मुक्त केल्याबद्दल. पण मुक्त झालेल्या त्या माणसांना जमीन मिळाली नव्हती. दक्षिणेतल्या कापसाच्या मळ्यांवर ते वाट्याने राबत राहिले. बियाणं उधार, पीठ उधार, आणि वर्षअखेरीचा हिशेब मालकाच्या वहीत. अशाच एका कुटुंबात १९१७ साली मिसिसिपीत फॅनी लू हेमर जन्मली. १९६२ साली ती मतदार म्हणून नाव नोंदवायला गेली, तर मळेवाल्याने तिला घराबाहेर काढलं. नागरी हक्कांच्या लढ्यातली तिची भाषणं गाजली. मला तिचं नंतरचं काम अधिक मोलाचं वाटतं. मताच्या हक्कासाठी उभं राहणाऱ्याला मालक उपाशी ठेवतो, हे तिने भोगलेलं होतं. म्हणून १९६०च्या दशकाच्या अखेरीस तिने डुकरांची बँक काढली. गाभण मादी कुटुंबाकडे द्यायची, पिल्लं त्यांनी ठेवायची, मादी बँकेत परत. त्यालाच जोडून सामायिक शेती सुरू केली.

किन्हवलीच्या आजोबांचा प्रश्न तिला लगेच कळला असता. आणि त्याचं उत्तर शोधायला मिसिसिपीला जायचीही गरज नाही. किन्हवलीहून सरळगावमार्गे मुरबाडकडे निघालं की सह्याद्रीची भिंत जवळ येत जाते. त्या रांगेत सिद्धगड आहे. २ जानेवारी १९४३च्या पहाटे विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथे पोलिसांच्या गोळ्यांनी पडले. मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडणारा आझाद दस्ता म्हणून त्यांची आठवण काढली जाते, आणि दर वर्षी त्या दिवशी लोक गडाखाली जमतात. पण माथेरानच्या नाभिक घरातला हा वकील त्याआधी काय करत होता? शेतकऱ्यांना पावसाळ्यात सावकाराच्या दारी जावं लागू नये म्हणून धान्यकोठी चालवत होता. सुगीत धान्य जमा करायचं, अडचणीत न्यायचं. हुतात्मा स्मारकावर मनोऱ्यांची गोष्ट असते, कोठीची बहुधा नसते. मला विचाराल तर कोठीचं काम जास्त अवघड होतं.

मुरबाड तालुक्यात आज उधारीतून सुटण्याची ही लढाई जमिनीच्या आणि जंगलाच्या हक्काची आहे. इंदवी तुळपुळे आणि त्यांच्या सोबत्यांची श्रमिक मुक्ती संघटना इथे कित्येक वर्षं काम करते. वनविषयक परवानगीशिवाय सुरू झालेलं काळू धरणाचं बांधकाम त्यांच्या याचिकेवरून उच्च न्यायालयाने २०१२ साली थांबवलं. त्या धरणाचं पाणीही शहरांकडेच जायचं होतं. वनहक्क कायदा २००६चा. १३ डिसेंबर २००५पूर्वीपासून जो वनजमीन कसतो त्या आदिवासीला ती मिळावी, पुराव्यात वडीलधाऱ्यांचा जबाबही चालावा, दाव्याची छाननी ग्रामसभेपासून व्हावी, असं तो सांगतो. याच हक्कासाठी २०१८च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईला निघालेले हजारो लोक शहापूर तालुक्यातून पायी गेले. २०२३चा तसाच मोर्चा तर याच तालुक्यातल्या वाशिंदलाच मुक्काम ठोकून होता.

एका ठाकूरवाडीत मला वनहक्काचा असा पट्टा दाखवण्यात आला. नवरा-बायको दोघांची नावं त्यावर होती, कायद्यातच तशी तरतूद आहे. प्रत्यक्ष कसतात त्याहून जमीन मात्र कमी लागली होती. वरी-नाचणी पुरली त्या वर्षी कुणाचा बयाणा घेतला नाही, असं घरातली बाई म्हणाली. फेरमोजणीसाठी अपील करायचं होतं. वाडीतली बारावी झालेली पोर अर्ज लिहीत होती, आणि बाई तिला बांधावरच्या झाडांची नावं एकेक करून सांगत होती, खुणा म्हणून लिहायला.