यादीतले नाव आणि दारातला माणूस

व्यापारी घरात यादीला मोठा मान असतो. उधारीची यादी, येणे-देण्याची यादी, लग्नकार्यात बोलावण्याची यादी. जे यादीत आहे ते ओळखीचे आणि जे नाही ते परके, हा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या अंगवळणी पडलेला. त्यामुळे घरातील वाय-फायच्या राउटरमध्येही अशीच यादी करता येते हे कळले की पेढीवरच्या माणसाला ती सोय मनापासून आवडते. तिला ‘मॅक फिल्टर’ म्हणतात. प्रत्येक फोनचा, संगणकाचा, प्रिंटरचा स्वतःचा बारा अक्षरांचा पत्ता असतो. ते पत्ते राउटरमध्ये लिहायचे आणि ‘फक्त यांनाच प्रवेश’ असा पर्याय निवडायचा. पासवर्ड कोणाला कळला तरी यादीबाहेरचे यंत्र आत येणार नाही, अशी समजूत. ही समजूत अर्धीच खरी आहे, आणि उरलेल्या अर्ध्यापायी सांगलीच्या गणपती पेठेतील एका घाऊक किराणा पेढीवर एका माणसाची नोकरी जाता जाता राहिली.

खाली दुकान, वर घर, मागील बाजूस गोदाम, अशी ती जुन्या पद्धतीची वास्तू. अण्णा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. सकाळी दोन तास गादीवर बसतात, उरलेला कारभार थोरले चिरंजीव पाहतात. त्यांना दुकानात सारे दादाच म्हणतात. हिशेबनीस तरुण, सहा वर्षांपासून कामावर. ई-वे बिले, जीएसटीची विवरणपत्रे, बँकेतील भरणा हे सारे त्याच्याकडे. त्या सहा वर्षांत त्याच्या हिशेबात एक रुपयाचा फरक निघालेला नव्हता.

एके रात्री दहा वाजता ट्रक भरून उभा होता आणि ई-वे बिल निघत नव्हते. इंटरनेट रखडले होते. दादांनी राउटरचे पान उघडून जोडलेल्या यंत्रांची यादी पाहिली. राउटर जुना; यंत्रांची नावे दाखवत नव्हता, केवळ पत्ते दाखवत होता. दादा शिस्तीचे गृहस्थ. त्यांनी पूर्वीच घरातील व दुकानातील अकरा यंत्रांचे पत्ते एका वहीत उतरवून ठेवले होते: दोन संगणक, प्रिंटर, टीव्ही, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, पाच जणांचे फोन आणि धाकट्या मुलाचा टॅब. फोनचे पत्ते त्यांनी ‘अबाउट फोन’ या पानावरून घेतले होते. पडद्यावर मात्र बारा पत्ते होते. पाच वहीशी जुळले, सात जुळले नाहीत.

सात परकी यंत्रे आपल्या घरात! दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडताच हिशेबनिसाला बोलावणे गेले.

“घरच्यांखेरीज पासवर्ड फक्त तुला ठाऊक आहे. बाहेर गेला कसा?”

“दादा, मी कुणाला दिलेला नाही.”

“मग सात जण आले कुठून?”

याचे उत्तर त्याच्यापाशी नव्हते. ते असण्याचे कारणही नव्हते. दादांनी पासवर्ड बदलला. कामावर असेपर्यंत हिशेबनिसाने आपला फोन गल्ल्याशेजारच्या खणात ठेवावा, असे ठरले. त्याने तो मुकाट्याने ठेवला. रात्री दादांनी पुन्हा यादी पाहिली, तेव्हा परके सहा होते. एक हटला, सहा राहिले. आणि नवा पासवर्ड दुकानातील ज्या संगणकात घातला होता, त्यावर दिवसभर हिशेबनीसच बसत होता. संशय अधिकच घट्ट झाला. त्याच दिवसापासून गोदामात नेट मिळत नाही अशी हमालांची तक्रार होती, पण या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असे कोणाच्या मनात आले नाही.

तिसऱ्या दिवशी दादांनी शेवटचा उपाय केला. वहीतील अकरा पत्ते राउटरमध्ये भरून फिल्टर सुरू केला. संगणक, प्रिंटर, टीव्ही, रेकॉर्डर चालू राहिले. घरातील पाचही फोन आणि टॅब मात्र एकदम बंद पडले. सूनबाईंच्या फोनवर जोडणी होईना, आजींचे सकाळचे प्रवचन थांबले. दादांनी एकेक पत्ता पुन्हा ताडून पाहिला. अशा कामात ‘आठ’ आणि ‘बी’, ‘शून्य’ आणि ‘डी’ यांची गल्लत हमखास होते, आणि ‘ओ’ हे अक्षर तर या पत्त्यांत येतच नाही, कारण शून्य ते नऊ हे आकडे आणि ‘ए’ ते ‘एफ’ ही अक्षरे एवढाच त्यांचा संच. पण दादांचे अक्षर न्‌ अक्षर बरोबर होते. तेव्हा राउटरमध्येच कोणीतरी हात घातला असणार, असा त्यांनी निष्कर्ष काढला. हिशेबनिसाला महिनाअखेर मोकळे करावे, असे त्यांनी अण्णांच्या कानावर घातले.

अण्णा इतकेच म्हणाले, “ताळा जुळला का?”

ताळा जुळला नव्हता, आणि खरी मेख तिथेच होती. सात पत्ते जास्त आले हे दादांनी पाहिले. पण वहीतील सहा पत्ते पहिल्या रात्रीच्या यादीत नव्हतेच, हे पाहिले नाही. घरातील सहा जणांच्या हातातील यंत्रे त्या वेळी सुरळीत चालू होती, तरी राउटरच्या यादीत त्यांच्यापैकी एकही हजर नव्हते. खतावणीत सहा नावे गायब आणि सहा-सात नावे आगंतुक दिसली, तर जुना मुनीम चोर शोधायला निघत नाही. नाव बदलून नोंद झाली आहे का, ते आधी पाहतो.

ते पाहिले नातीने. पुण्याला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेली ही मुलगी शनिवारी घरी आली, वही मागून घेतली आणि फिल्टर तात्पुरता बंद करून सगळ्यांचे फोन जेवणाच्या टेबलावर मांडले. ‘अबाउट’ पान न उघडता तिने प्रत्येक फोनच्या वाय-फाय सेटिंगमध्ये जाऊन, घरच्या नेटवर्कच्या नावासमोरील चिन्ह दाबून आतला पत्ता वाचला. तो वहीतील पत्त्याहून वेगळा होता. राउटरच्या यादीतील परक्या पत्त्यांशी मात्र तो तंतोतंत जुळत होता. एक, दोन, तीन करीत सहाही परके घरचेच निघाले.

असे का व्हावे? कारखान्यात यंत्राला मिळणारा पत्ता ४८ बिटांचा असतो. त्याचे पहिले २४ बिट आयईईई ही संस्था उत्पादक कंपनीला नेमून देते. हा पत्ता जन्मभर तोच राहतो, आणि हीच त्याची अडचण ठरली. फोन खिशात असतानाही ओळखीचे वाय-फाय शोधत हा पत्ता हवेत उच्चारत राही. २०१३ मध्ये लंडनच्या ‘सिटी’ भागात रस्त्यावरील कचरापेट्यांत बसवलेली उपकरणे येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या फोनचे असेच पत्ते टिपून घेत असल्याचे उघड झाले, तेव्हा तेथील नगरप्रशासनाने ते काम थांबवायला लावले. कोण, केव्हा, किती वेळा या रस्त्याने गेला, हे त्याच्या नकळत कळावे, हे कोणालाही रुचणारे नव्हते. अॅपलने २०१४ च्या आयओएस ८ मध्ये नेटवर्क शोधताना खोटा पत्ता सांगण्याची सोय केली. पुढे २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२० च्या आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वाय-फायसाठी वेगळा, स्वतः तयार केलेला पत्ता आपोआप वापरू लागले. घरी एक पत्ता, दुकानात दुसरा, स्टेशनवर तिसरा. दादांच्या वहीत होते ते जन्मनाव. फोन घरात वावरत होता तो घरातल्या नावाने.

असा बनवलेला पत्ता ओळखण्याची खूणही सोपी आहे. पत्त्याच्या पहिल्या जोडीतील दुसरे अक्षर २, ६, ‘ए’ किंवा ‘ई’ असेल, तर तो कारखान्याचा नव्हे, यंत्राने स्वतः घेतलेला. दादांनी ‘परके’ म्हणून लाल शाईने खुणा केलेल्या पत्त्यांपैकी सहांवर ही खूण होती. एवढी गोष्ट ठाऊक असती तर पहिल्याच रात्री पाच मिनिटांत प्रकरण मिटले असते. पण ती राउटरच्या पुस्तिकेत पहिल्या पानावर छापलेली नसते, हेही खरे.

राहिला सातवा. तो गोदामात निघाला. मागल्या दिवाळीत वाय-फायचा पल्ला वाढवण्यासाठी तेथे एक एक्स्टेंडर लावला होता आणि सारे जण तो विसरले होते. पासवर्ड बदलल्यावर तो बंद पडला. ‘हटलेला चोर’ तोच, आणि हमालांची तक्रार त्याचीच. मूळ दुखणे, म्हणजे रात्रीचे रखडलेले नेट, ते तर वेगळेच होते. कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर रात्रभर चित्रीकरण क्लाउडवर पाठवत बसे. नातीने त्याची केबल काढताच वेग परत आला. तो रेकॉर्डर दादांच्या वहीत पहिल्यापासून, अगदी रीतसर नोंदलेला होता.

हे सारे उमगल्यावर फिल्टर पुन्हा चालू करणे अवघड नव्हते. अँड्रॉइड फोनमध्ये त्या नेटवर्कपुरता ‘डिव्हाइस मॅक’ किंवा ‘फोन मॅक’ निवडायचा, आयफोनमध्ये ‘प्रायव्हेट वाय-फाय अॅड्रेस’ बंद करायचा, की वहीतील पत्ते लागू पडतात. नव्या आयफोनमध्ये ‘ऑफ’, ‘फिक्स्ड’ आणि ‘रोटेटिंग’ असे तीन पर्याय असतात; ‘रोटेटिंग’ राहिला तर आज भरलेला पत्ता काही दिवसांनी पुन्हा परका होतो. काही राउटरमध्ये २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ यांच्या याद्या निराळ्या असतात. एकीत नाव आणि दुसरीत नाही, म्हणून तोच फोन हॉलमध्ये चालतो आणि आतल्या खोलीत रुसतो. फिल्टर लावताना स्वतःचेच यंत्र बाहेर राहिले, तर संगणक केबलने राउटरला जोडून आत जावे, कारण हा पहारा सहसा बिनतारी दारावरच असतो.

पण नातीने फिल्टर पुन्हा लावलाच नाही, आणि तिचे म्हणणे ऐकण्याजोगे होते. वाय-फायवरून जाणारा मजकूर कुलूपबंद असला, तरी पाठवणाऱ्या यंत्राचा पत्ता पाकिटावरच्या पत्त्यासारखा उघडाच राहतो. जवळपास बसलेला जाणकार तो वाचू शकतो आणि आपल्या संगणकाला तेच नाव देऊ शकतो. म्हणजे ज्याला घुसायचेच आहे त्याला ही यादी अडवत नाही. अडकतात ती आजींसारखी माणसे. एखाद्या यंत्राला मनाई करण्याची उलटी यादीही तितकीच पोकळ: मुलाचा टॅब त्या यादीत टाकावा, तर तो पत्त्याचा पर्याय बदलून नव्या नावाने परत येतो. बँकेत कोणी केवळ खातेक्रमांक सांगितला म्हणून पैसे देत नाहीत. सही जुळावी लागते. वाय-फायची सही म्हणजे पासवर्ड. तो लांब असावा, सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ असावा, राउटरच्या स्वतःच्या कारभाराचा पासवर्ड कंपनीने दिलेला तोच राहू नये आणि ‘डब्ल्यूपीएस’चे बटण बंद असावे. पत्त्यांच्या यादीचा खरा उपयोग नोंदीपुरता: दुकानातील प्रिंटरला रोज तोच आयपी क्रमांक मिळावा म्हणून त्याचा पत्ता राउटरमध्ये बांधून ठेवणे, हे मात्र चोख काम.

तिने दोन नेटवर्क केली. एक बिलिंगच्या संगणकांचे आणि घरचे; दुसरे ‘गेस्ट’, येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी. हिशेबनिसाचा फोन कोणत्या नेटवर्कवर घ्यायचा, हे तिने दादांना विचारले. दादा काही बोलण्याआधी अण्णाच म्हणाले, “त्याचा पहिल्यात.”

सोमवारी सकाळी अण्णा नेहमीपेक्षा लवकर गादीवर आले. हिशेबनीस आला आणि सवयीने फोन खणात ठेवू लागला, तसे त्यांनी त्याला जवळ बोलावले.

“असू दे तुझ्यापाशी. आमच्याच घरातली माणसं आम्हाला ओळखता आली नाहीत, आणि त्याचा त्रास तुला झाला. चुकलं आमचं.”

दादा समोरच उभे होते. हमाल होते, दोन गिऱ्हाइकेही होती. संशय चारचौघांत घेतला होता, म्हणून कबुलीही चारचौघांत हवी, असे अण्णांनी आदल्या रात्रीच ठरवले होते. हिशेबनीस “नाही अण्णा, तसं काही नाही” एवढेच म्हणाला आणि संगणकापाशी जाऊन बसला. थोड्या वेळाने दादा त्याच्या टेबलाशी गेले. पत्त्यांची वही त्यांनी त्याच्यासमोर ठेवली. लाल खुणांवर काट मारलेली होती आणि प्रत्येकीपुढे नातीच्या अक्षरात घरातल्या माणसाचे नाव होते. खाली एक ओळ रिकामी होती.

“तुझ्या फोनचा पत्ताही लिही यात,” दादा म्हणाले. “आणि आजपासून ही वही तूच सांभाळ.”