सावित्रीकाठचा प्रश्न

काही वर्षांपूर्वी नाताळच्या आठवड्यात धर्मग्रामातील मंडळींसह आम्ही पोलादपूरजवळच्या एका कातकरीवाडीवर गेलो होतो. सोबत ब्लँकेटे होती, खाऊ होता आणि कॅमेराही होता. वाडीत माणसे थोडीच. बाकीची उचल घेऊन कोळसा पाडायला आणि वीटभट्टीवर गेलेली. मुलेही त्यांच्यामागे गेलेली. एका वृद्धेने ब्लँकेट हातात घेतले आणि विचारले, "बाबा, तुमाला आमच्याकडून काय पायजे?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते.

हा प्रश्न या खोऱ्याला नवा नाही. सावित्री पोलादपूर, महाड ओलांडून बाणकोटला समुद्रास मिळते. तेथे १८२३ साली स्कॉटिश मिशनरी डोनाल्ड मिचेल आले आणि वर्ष सरण्यापूर्वीच निवर्तले. मागून आलेल्यांनी शाळा चालवल्या. जॉन विल्सन याच किनाऱ्यावर मराठी शिकले. वारली व कातोडी यांच्यावरील त्यांचा लेख १८४३ साली प्रसिद्ध झाला. ही मंडळी धर्मांतराच्या इच्छेने आली होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु जिवावर उदार होऊन ती आली, हेही तितकेच खरे. हेतू आणि फळ यांचे माप एकच नसते. कॅनडातील ख्रिस्ती निवासी शाळांत आदिवासी मुलांची भाषा व घर तोडले गेले. त्याबद्दल २०२२ साली पोप फ्रान्सिस यांनी तेथे जाऊन क्षमा मागितली.

इंग्रजी राजवटीने कातकऱ्यांवर गुन्हेगार जमातीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ साली गेला; पण आजही कित्येक वाड्यांखालची जमीन दुसऱ्याच्या नावे आहे. तिथे ब्लँकेट किती पुरणार?

१९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांसह हजारोंनी स्वतःच्या ओंजळीने पाणी घेतले. ते कोणी दान दिले नव्हते. तो त्यांचा हक्क होता. आपल्या सेवेची कसोटी हीच असावी: समोरच्याची ओंजळ मोकळी होते, की आपल्यापुढे पसरलेलीच राहते?

प्रभू येशूने आंधळ्या बार्तिमयला आधी विचारले होते, 'मी तुझ्यासाठी काय करावे?' आम्ही मात्र न विचारताच ब्लँकेटे नेली होती. त्या दिवशी छायाचित्र न काढता परतलो. पुढच्या खेपेस रिकाम्या हाताने गेलो, ओट्यावर बसलो आणि तोच प्रश्न त्या आजींना विचारला. त्या म्हणाल्या, "घराखालच्या जमिनीचा कागद."