हत्ती, बुलडॉग आणि अटलांटाची एक सायंकाळ

अटलांटाला गेलेला मराठी माणूस मार्टिन ल्यूथर किंग यांचे जन्मघर पाहतो, कोकाकोलाचे संग्रहालय पाहतो, आणि परत आल्यावर आठ दिवस त्याविषयी सांगत राहतो. मी मात्र वाचकांना एका सामन्याला नेणार आहे, आणि तोही कॉलेजच्या मुलांच्या!

२ डिसेंबर २०२३, शनिवार. शहराच्या मध्यावर मर्सिडीज-बेंझ स्टेडियम नावाची अजस्र वास्तू आहे. २०१७ साली ती खुली झाली. तिचे छप्पर आठ पाकळ्यांचे, कॅमेऱ्याच्या डोळ्यासारखे उघडते आणि मिटते. आत सत्तर हजारांवर माणसे बसतात, आणि त्या दिवशी ती सारी जागा भरली ती जॉर्जिया व अलाबामा या दोन विद्यापीठांच्या पोरांसाठी. आमच्याकडे आंतरमहाविद्यालयीन कबड्डीच्या अंतिम सामन्याला जिमखान्याचे प्रमुख, दोन शिपाई आणि खेळाडूंचे चार मित्र जमले, तरी वार्षिक अहवालात ‘प्रचंड गर्दी’ अशी नोंद होते. तिकिटे भाच्याने काढली होती. किंमत त्याने सांगितली नाही, मीही विचारली नाही.

अमेरिकन फुटबॉलमध्ये पायाला काम थोडे. चेंडू लंबुळका, तो बगलेत मारून पळायचे, नाहीतर पुढच्या गड्याकडे फेकायचा. चार प्रयत्नांत दहा यार्ड सरकलात तर आणखी चार मिळतात. आट्यापाट्या आणि कुस्ती एकाच वेळी चालू आहेत असे समजावे, म्हणजे पुष्कळसे कळते. अमेरिकेच्या आग्नेय भागातील विद्यापीठांचा ‘साउथईस्टर्न कॉन्फरन्स’ नावाचा संघ आहे. तेव्हा त्यात चौदा विद्यापीठे होती. १९९२ पासून त्यांचा अजिंक्यपदाचा सामना होतो, आणि १९९४ पासून तो अटलांटात.

अलाबामाचे विद्यापीठ टस्कलूसा गावी. गावाची वस्ती सुमारे एक लाख आणि तिथल्या क्रीडांगणात माणसेही मावतात लाखभर! त्यांचे चिन्ह हत्ती. जॉर्जियाचा बुलडॉग. हा नुसता चित्रातला नव्हे. खराखुरा बुलडॉग पाळतात आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याचे नाव ‘उगा’. विद्यापीठाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ते पडले आहे. जॉर्जियाचे पाठीराखे आनंद झाला की चक्क भुंकतात. माझा भाचा तिथेच शिकला. एरवी घरात चार शब्द न बोलणारा हा मुलगा, पहिला घाव जॉर्जियाने घालून ७-० केले तेव्हा, मामा शेजारी बसला आहे याचे भान न ठेवता भुंकू लागला.

पण खरी लढत होती गुरु-शिष्यांची. अलाबामाचे प्रशिक्षक निक सेबन बहात्तर वर्षांचे. जॉर्जियाचे कर्बी स्मार्ट अलाबामात त्यांच्याच हाताखाली नऊ हंगाम राबलेले. (दोघांचाही पगार वर्षाला एक कोटी डॉलरांवर, म्हणजे कुलगुरूंच्या कितीतरी पट! मुलांना मात्र तेव्हा विद्यापीठाकडून पगार नव्हता. शिष्यवृत्ती मिळे, आणि २०२१ पासून स्वतःच्या नावावर जाहिराती करण्याची मुभा. थेट पैसे देण्याची वाट २०२५ साली उघडली.) शिष्याने लागोपाठ दोन वर्षे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले होते, सलग २९ सामने जिंकले होते, पण आधीच्या पाच गाठींत गुरूला हरवले होते एकदाच.

हळूहळू हत्ती चालू लागला. मध्यंतराला अलाबामा १७-७. जॉर्जियाचा एक फटका खांबावर आदळून परतला. मग आपल्याच हद्दीत चेंडू हातातून निसटला. अलाबामाचा जेलन मिल्रो हा पोरगा असा थंड डोक्याने खेळत होता, की मला तोच आवडू लागला. भाच्याला अर्थातच सांगितले नाही. शेवटची तीन मिनिटेही उरली नव्हती तेव्हा धावफलक २७-२४. आता चेंडू मिळाला तर जॉर्जिया बरोबरी साधणार! तो मिळालाच नाही. अलाबामाने उरलेला वेळ चेंडू कवटाळून काढला. इतका वेळ भुंकणारे हजारो गळे अगदी उगे झाले.

“मामा, आता उद्या बारा वाजता बघा,” एवढेच भाचा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तेरा जणांची समिती देशातले चार संघ निवडणार होती. अलाबामा आठव्या क्रमांकावरून चौथ्यावर आला. जॉर्जिया पहिल्यावरून सहाव्यावर! २९ विजयांनंतरच्या एका सायंकाळची ही किंमत. त्याहून विलक्षण गत फ्लोरिडा स्टेटची. त्यांनी तेराच्या तेरा सामने जिंकले होते. पण मुख्य खेळाडूचा पाय मोडला, आता संघात पूर्वीचा दम नाही, असे ठरवून समितीने त्यांना वगळले. वीस वर्षे उत्तरपत्रिका तपासणाऱ्या माणसाला हे पटणे कठीण. सगळे पेपर सोडवलेल्या मुलाला, ‘पुढे तुला जमणार नाही’ म्हणून खाली बसवायचे?

३० डिसेंबरला हे दोन वगळलेले संघ मायामीजवळ एकमेकांशी खेळले. फ्लोरिडा स्टेटचे कितीतरी खेळाडू उतरलेच नाहीत. जॉर्जिया ६३-३ ने जिंकला. भाच्याचा फोन आला, पण त्यात भुंकणे नव्हते. १ जानेवारीला अलाबामाही मिशिगनकडून हरला आणि १० जानेवारीला सेबन निवृत्त झाले. २०२४ च्या हंगामापासून समिती चाराऐवजी बारा संघ निवडू लागली. भाचा अजून विचारतो, “हे एक वर्ष आधी केलं असतं तर यांचं काय बिघडणार होतं, मामा?”